नऊ नंबरचा दांडा

डोकं उडालं ते थेट त्याच्या बुटापाशी जाऊन पडलं.

घाबरू नका, क्लबचं डोकं. गोल्फच्या काठीच्या टोकाला जो लोखंडी तुकडा असतो ना, त्याला तिच्या गोल्फ-काठ्यांच्या दुकानात सगळे डोकंच म्हणत, काठीला दांडा आणि रबराच्या पकडीला मूठ. चूक अर्थात तिचीच. दांडा डोक्यात चिकटवला की गोंद वाळायला पुरा एक दिवस द्यायचा, हे ती गेली कित्येक वर्षं जगाला बजावत आलेली. आणि त्या गुरुवारी सकाळी कुठली घाई झाली होती कोण जाणे, आदल्या संध्याकाळी चिकटवलेला क्लब उचलून ती दुकानामागच्या सरावाच्या मैदानावर गेली आणि एक सणसणीत फटका मारला. चेंडू गेला चार हात. डोकं गेलं चाळीस.

तिकडे एक चष्मेवाला हातमोजा चढवत उभा होता. त्याने खाली पाहिलं, वाकून ते डोकं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि तिच्याकडे चालत आला.

"हे... तुमचं का?"

"हो. म्हणजे माझं नाही, गिऱ्हाइकाचं."

"मग ठीक. मी म्हटलं, तुमचं असेल तर दिवसभर कसं चालेल."

तिला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण हे ऐकून हसू काही आवरेना. हातात नुसता बिनडोक्याचा दांडा धरून ती हसत राहिली. तोही हसला. त्याच्या गालावर, चष्म्याच्या काडीच्या जरा खाली, एक बारीकशी घडी पडत होती. तिने ती लगेच टिपली, टिपायला नको होती तरी.

"लागलं नाही ना कुठे?"

"छे. पण एक विचारू? मघाशी तिथून माझ्याकडे बघताना तुम्ही डोळे बारीक केले होते. डावा जास्त."

"उन्हामुळे."

"ऊन तुमच्या पाठीशी आहे," तो म्हणाला.

आता बोला! ओळख ना पाळख आणि हा डोळे तपासतोय. पण तोच त्याचा धंदा निघाला. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारत राहायचं, पहिलं बरं की दुसरं? आता पहिलं की दुसरं? आठवड्याचे सहा दिवस हा प्रश्न विचारून त्याची जीभ झिजली होती, असं तोच म्हणाला.

"मग सातव्या दिवशी आमच्याकडे या," ती म्हणाली. "आम्ही तुम्हाला विचारू."

"यायचंच होतं. मला नवा दांडा हवाय. तुमच्याकडचा सगळ्यांत कडक."

"कडकच का?"

"माझा दादा कडक वापरतो."

तिने मनात म्हटलं, आलं लक्षात. दर दहा पुरुषांमागे नऊ जण कडक दांडाच मागायचे, कुणी भावामुळे, कुणी साहेबामुळे, कुणी नुसत्या मिशीमुळे. म्हणून तर बाबांनी काळ्या पट्टीची पद्धत काढली होती. दुकानात चाचणीचे बारा दांडे होते. डोकं एकच, पेच फिरवला की दांडा बदलायचा. प्रत्येक दांड्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. कंपनी कुठली, कडक की मऊ, काही म्हणून दिसायचं नाही. वर नुसता पांढरा आकडा. फटका मारायचा, शेजारचं यंत्र चेंडूचा वेग नि दिशा मोजणार, ती वहीत लिहिणार. ज्याचा दांडा सापडला, त्याच्या आकड्याभोवती वहीत पेन्सिलने गोल काढायचा. गोल काढला की काम संपलं.

आणि काम संपलं की बाबांचा नियम लागू. तो दुकानाच्या भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला होता: दांडा सापडला की वर्षभर या दुकानात पाय ठेवू नये.

लोकांना वाटायचं, गंमत आहे. गंमत कसली! बाबांनी एका गिऱ्हाइकाला एका वर्षात अकरा दांडे बदलताना पाहिलं होतं. अकराव्या दांड्याला तो बिचारा मारायचा कसा हेच विसरून गेला. तेव्हापासून बाबा म्हणायचे, हाताला एका दांड्याची सवय व्हायला वर्ष लागतं, तेवढं द्यायचं. पुढे हा नियम इतका गाजला की लोक अभिमानाने सांगू लागले, मला पुढच्या वर्षापर्यंत बंदी आहे बरं का!

पहिल्या शनिवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो बरोबर दहाला आला. तिने त्याला सहा दांडे दिले. त्याचा फटका सावकाश होता, अगदी कुणाच्या नाकावर चष्मा ठेवावा इतका हळुवार. कडक दांडा त्याच्या हातात नुसता अडून बसायचा आणि चेंडू उजवीकडे पळायचा.

"हा की मघाचा?" ती विचारायची.

"परत एकदा दाखवा," तो म्हणायचा आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे देवा. माझी गिऱ्हाइकं हेच म्हणतात आणि मी मनातल्या मनात चिडतो."

दुसऱ्या शनिवारी तिने त्याच्या हातात नऊ नंबर दिला.

काही आवाज कानाला आधी कळतात. टक्... बस, एवढाच. चेंडू सरळ उठला, उंच गेला आणि लांबच्या पिवळ्या झेंड्यापाशी असा टेकला, जसं कुणी हाताने नेऊन ठेवावं. यंत्रावरचे आकडे बघून तिच्या अंगावर काटा आला. दुसरा फटका, तोच आवाज. तिसरा, तोच. हाच तो दांडा. शंकाच नको. आणि पट्टीखाली काय लिहिलं होतं हे तिला पाठ होतं. सगळ्यांत हलका, सगळ्यांत मऊ.

तिने वही उघडली. पेन्सिल नऊवर टेकवली. गोल काढायला लागतं तरी काय, अर्धा क्षण.

एवढ्यात तो चष्मा रुमालाने पुसत तिच्याजवळ आला. बिनचष्म्याचे त्याचे डोळे तिने प्रथमच पाहिले, जरासे गोंधळलेले, जरासे थकलेले. तो म्हणाला, "मग... पुढच्या शनिवारी दहालाच ना?"

तिच्या पाठीमागे भिंत होती आणि भिंतीवर ती लाल अक्षरं. वर्षभर.

"दहालाच," ती म्हणाली आणि वही मिटली. गोल राहिला तो राहिलाच. संध्याकाळी तिने नऊ नंबरचा दांडा वरच्या फळीवर, जुन्या मुठींच्या खोक्यामागे सरकवून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने कामात हातचं राखलं होतं.

आणि मग ते शनिवार! तिसरा, चौथा, पाचवा. ती त्याला एक, चार, सात, अकरा असे फिरवून फिरवून दांडे द्यायची. दुकानाला मागून लागलेल्या पत्र्याच्या आडोशाला दोघं उभी, बाहेर बारीक पाऊस, मैदानावरचे झेंडे ओले होऊन काठीला चिकटलेले. फटक्यापेक्षा गप्पाच जास्त. तो सांगायचा, एक आजोबा अक्षरांचा तक्ता घरून पाठ करून आले आणि तक्ता बदलल्यावर त्याच्यावरच भडकले. ती सांगायची, एका वकिलाने मऊ दांडा घेतला आणि वर 'कडक' अशी चिठ्ठी चिकटवून मागितली.

"दिलीत?"

"आत्याने स्वतःच्या हस्ताक्षरात दिली."

ही आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दुकानात मुठी चढवायचं काम तिचं आणि सगळ्यांना चिमटे काढायचंही. पाचव्या शनिवारी तो जाताच ती मूठ ओढता ओढता म्हणाली, "काय गं, बारा दांड्यांत पाच शनिवार? डॉक्टर लोकांना तू एका तासात वाटेला लावतेस."

"याचा हात अवघड आहे, आत्या."

"हात की डोळे?"

"आत्या!"

"मी आपलं विचारलं. चहा दोन कपच केलास आज. मी आणि तुझे बाबा काय भिंती आहोत का?"

ती लाल झाली. पण आत कुठेतरी बोचतही होतं. बाबा तिला लहानपणापासून उस्ताद म्हणत. या दुकानात कुणाशी खोटं बोललं जात नाही, याच्यावर बाबांची सारी पत उभी होती. आणि उस्ताद दर शनिवारी वरच्या फळीकडे पाठ करून उभी राहत होती.

सहाव्या शनिवारी तो आला तो चेहरा पाडूनच. चार फटके मारले, चारही वाकडे. खरं तर पहिल्या शनिवारपेक्षाही वाईट. चुकीच्या दांड्यांनी त्याचा मूळचा हातही बिघडत चालला होता. यंत्र ते सांगत होतं आणि तिला ते दिसत होतं.

"उद्याच्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी दादाशी सामना आहे," तो हातमोजा काढत म्हणाला. "दरवर्षी असतो. दादानेच मला खेळायला शिकवलं ना. सात वर्षं हरतोय मी, त्याचं काही नाही. पण यंदा तो बदली होऊन लांब चाललाय. हा शेवटचाच म्हणायचा."

"मग?"

"मग काय... नकोच. त्याला कळवून टाकतो की यंदा जमत नाही. हा असला खेळ त्याला कुठे दाखवू?"

चहाचे दोन कप, पत्र्यावरचा पाऊस, गालावरची ती घडी, सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस. भावाशी शेवटचा सामना टाकायला निघालेला, आणि तोही तिच्या लबाडीपायी. हे प्रेम की काय म्हणायचं ते असेल, पण असलं प्रेम तिचं तिलाच सहन होईना.

ती स्टुलावर चढली. खोकं सरकवलं. नऊ नंबर खाली काढला आणि चाचणीच्या डोक्यात पिळून बसवला.

"मारा."

टक्... चेंडू पिवळ्या झेंड्यापाशी.

"अजून एक."

टक्.

तिने दांड्यावरची काळी पट्टी नखाने सोलून काढली. "हा तुमचा दांडा. मऊ आहे. दादांचा कडक असेल, तुमचा हा आहे. आणि..." तिने सोललेली पट्टी मुठीत चुरगळली. "आणि तो दुसऱ्या शनिवारीच सापडला होता. मी लपवून ठेवला. तुमचे तीन शनिवार मी फुकट घालवले, हातही बिघडवला. चूक माझी. पूर्णपणे माझी."

आतल्या टेबलावर बाबांची कानस चालू होती, ती थांबली. आत्याच्या हातातली मूठ तशीच अर्धी राहिली. दाराशी आलेले बाबा एकदा लेकीकडे आणि एकदा फळीकडे बघत उभे राहिले.

तो नुसता खाली बघत राहिला. कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद झालेल्या.

"उस्ताद," बाबा म्हणाले, "यांच्या क्लबांना हे दांडे बसवायला घे. आज गोंद लाव, उद्याचा दिवस वाळू दे, परवा येऊन नेतील." मग त्याच्याकडे वळून, भिंतीकडे बोट करत म्हणाले, "नेल्यानंतर मात्र नियम सगळ्यांना सारखा."

"हो," तो म्हणाला. क्लब तिथेच ठेवले, रिकामी पिशवी उचलली. दारात सवयीने "येतो" म्हणाला आणि मग लाल अक्षरांकडे लक्ष जाऊन चाचरला. तसाच पायऱ्या उतरून गेला.

बाबांनी स्टूल ओढून तिच्यासमोर बैठक मारली. ओरडले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं.

"आवडतो?"

तिने मान हलवली आणि मग तोंडानेही म्हणाली, "आवडतो, बाबा. खूप आवडतो."

"मग आधी वहीत गोल काढ," बाबा म्हणाले. "एक काम अर्धवट ठेवून दुसरं सुरू करू नये."

तिने वही उघडली, दुसऱ्या शनिवारचं पान काढलं आणि नऊभोवती गोल काढला. डोळ्यांतलं पाणी पेन्सिलीच्या रेघेवर पडून रेघ जराशी पसरली.

सोमवारी तो क्लब न्यायला आला तेव्हा ती मुद्दाम गोंदाचे डबे आणायला गेली होती. त्याने काय विचारलं ते आत्याला विचारायचं नाही असं तिने ठरवलं आणि दारातून आत येता येताच विचारलं.

"काही नाही. क्लब घेतले, आभार मानले," आत्या म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द सोडत, "जाताना तुझ्या स्टुलाकडे मात्र बघत होता. आता स्टुलात बघण्यासारखं काय असतं बाई?"

पुढचा शनिवार. दहा वाजले, सव्वादहा वाजले. कुणी आलं नाही. नियमच तसा होता. तिने उगीच बाराही दांड्यांच्या पट्ट्या काढून नव्या गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, सामन्याचा. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. कुणाच्या तरी सातव्या क्लबला आठव्याचं डोकं लावून बसली, ते आत्याने पाहिलं आणि आश्चर्य म्हणजे काही बोलली नाही.

आणि मग त्याच्या पुढचा शनिवार. पुन्हा तोच बारीक पाऊस. दहाला पाच कमी असताना तिने मान वर केली, तर दुकानासमोरच्या झाडाखाली कुणीतरी छत्री धरून उभं होतं. तिने डोळे बारीक केले. डावा जास्त.

छत्री हलली. रस्ता ओलांडून आली आणि उंबरठ्याच्या बरोबर वीतभर अलीकडे थांबली.

"आत या ना... भिजाल," ती कशीबशी म्हणाली.

"नको. नियम आहे." त्याने छत्रीनेच भिंतीकडे खूण केली. "पाय बाहेर आहेत माझे. बघून घ्या."

आत कानस थांबली. आत्याने तर हातातलं काम सरळ खालीच ठेवलं.

"सामना?" तिने विचारलं.

"हरलो. एका फटक्याने."

तिचा चेहरा उतरला. "दांडा—"

"दांड्याला नावं ठेवू नका हं. सतराव्या होलपर्यंत मी पुढे होतो. दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, मऊ दांडा बघून आधी हसला होता ना! अठराव्याला, अगदी शेवटच्याला, माझंच चुकलं. दादा म्हणाला, अरे लक्ष कुठे आहे तुझं?"

"मग?"

"सांगितलं खरं काय ते. तो म्हणाला, मग इथे काय करतोयस गाढवा, जा की तिकडे."

पावसाचा एक शिंतोडा उडून तिच्या मनगटावर पडला. तिने तो पुसला नाही.

"तुम्ही रागावला नाहीत?" तिने हळूच विचारलं. "त्या दिवशी त्यावर एक शब्द बोलला नाहीत."

"लाज वाटत होती, म्हणून." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला माहीत होतं हो. दुसऱ्या शनिवारीच. मी रोज तीस माणसं तपासतो. बरोबर भिंग लागलं ना, की माणूस तोंड उघडायच्या आधी खांदे सैल सोडतो. नऊ नंबरला माझे खांदे सुटले होते. मग पुढच्या शनिवारी तुम्ही तो दिला नाहीत... आणि मी मागितला नाही. मागितला असता तर भिंतीवरचं ते... वर्षभर. मी दादाचा सामना सोडायला निघालो होतो, पण नऊ नंबर मागायला नाही. आणि तुम्ही सगळा दोष एकट्या स्वतःवर घेतलात, बाबांसमोर. मी मूग गिळून उभा. घरी जाऊन स्वतःला इतकं बोललो म्हणून सांगू!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे ती इकडे फळीकडे पाठ करून उभी, आणि तो तिकडे फळीकडे न बघता उभा! तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही भरून आले.

"अहो, पण दादांचा शेवटचा सामना... सोडून द्यायला निघालात?"

"म्हणून तर तुम्ही माझ्यापेक्षा भल्या, नऊ नंबर काढून दिलात. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी ते डोकं उचललं तेव्हापासून." एवढं बोलून त्याने छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. "आता नीट ऐका, मी रोजचाच प्रश्न विचारणार आहे. पहिलं: मी वर्षभर थांबतो, पुढच्या पावसात येतो. दुसरं: नियम मला आत यायला मनाई करतो, तुम्हाला बाहेर यायला नाही. तुम्ही दोन पावलं बाहेर येता. माझ्या दुकानात तसली काही अट नाही, नंबर सापडला तरी लोक कितीदाही येतात. पहिलं... की दुसरं?"

तिने मागे वळून पाहिलं. बाबा भिंतीवरचा नियम जन्मात पहिल्यांदा वाचत असल्यासारखे वाचत होते.

"बरोबर बोलतोय तो," बाबा म्हणाले. "बाहेर जायचं मी काहीच लिहिलेलं नाही."

"परत एकदा दाखवा," ती त्याला म्हणाली.

"काय?"

"तुमची गिऱ्हाइकं म्हणतात ना... परत एकदा दाखवा."

"पहिलं," तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला. "की दुसरं?" म्हणत पुढे आला. छत्री त्याने हात लांब करून उंबरठ्यावर धरली. स्वतः मात्र बाहेर उभा राहून भिजत होता.

"दुसरं," ती म्हणाली आणि उंबरठा ओलांडला.

छत्री एकट्यापुरतीच होती. दोघांना पुरावी म्हणून तिला बरंच जवळ सरकावं लागलं.

"डोळे बारीक नाही केलेत या वेळी," तो म्हणाला.

"लांबून धूसर दिसतोस," ती म्हणाली. "इथून अगदी स्पष्ट."